नवं अ‍ॅप नको, जुनी गळती बुजवा

मार्च सरत आला की वसई-विरारमधल्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं थप्पीने पडलेली दिसतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचं हे ‘ब्लॅकबुक’. आत काय आहे ते बघायला पुस्तक उघडावं लागत नाही, शीर्षकावरूनच कळतं. चेहरा ओळखून हजेरी लावणारं अ‍ॅप, कॅन्टीनची ऑर्डर घेणारं अ‍ॅप, पानावरचा रोग सांगणारं अ‍ॅप, हृदयविकाराचं भाकीत करणारं मॉडेल. पुढच्या वर्षी शीर्षकं तीच, नावं तेवढी बदललेली. काही गटांचा कोड सीनियरकडून वारशाने येतो, काहींचा रेडीमेड प्रोजेक्ट विकणाऱ्यांकडून रोखीने. डेमो एकदा चालला, एक्सटर्नलने मान डोलावली, की त्या अ‍ॅपचं अवतारकार्य संपलं. त्याचा एकही खराखुरा वापरकर्ता कधी जन्मालाच आलेला नसतो.

हीच मुलं पुढे विरार फास्ट पकडून अंधेरीला, मालाडला, पवईला नोकरीला जातात. तिथे पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवला जातो तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, दहा-पंधरा वर्षांत पन्नास हातांनी ठिगळं लावलेला कोड. लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला असतो. काम असतं ते वाचायचं, चूक शोधायची आणि बाकीचं काही न मोडता ती दुरुस्त करायची. या कामाचा एकही तास चार वर्षांत झालेला नसतो.

म्हणून एक रोखठोक मागणी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दुरुस्ती चालायला हवी, तिला पूर्ण गुण मिळायला हवेत. आणि कुठली दुरुस्ती, तर सुरुवातीला एकच जात पुरे आहे: नेटवर्क फाइल सिस्टीममधल्या रेफरन्स काउंटच्या चुका. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. या चुकीने बहुतेकांना कधी ना कधी छळलेलं आहे, फक्त तिची ओळख करून दिलेली नाही.

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत फिरलं की पॅकेजिंगचा, साच्यांचा, छपाईचा धंदा करणाऱ्यांकडे एक डिझाइनची खोली असते. चार-सहा कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात यूपीएसच्या शेजारी एक छोटासा काळा डबा. सगळ्यांच्या फाइली त्यात. ‘सर्व्हरवर टाक’ म्हणजे त्या डब्यात टाक. नेटवर्कवरून फाइली अशा वाटून घ्यायची सोय म्हणजेच नेटवर्क फाइल सिस्टीम. अशा बहुतेक डब्यांच्या पोटात लिनक्स असतं, म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही वाचायला खुला असलेला कोड. कधीतरी हा डबा हट्टाला पेटतो. फाइल कुणीच उघडलेली नसताना ‘ती वापरात आहे’ असं सांगतो. ढीगभर फाइली डिलीट केल्या तरी जागा मोकळी करत नाही. सोमवारी चपळ असतो, शनिवारपर्यंत पाय ओढू लागतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘रीस्टार्ट मार.’ रीस्टार्ट मारला की सगळं सुरळीत. अशा हट्टामागे कारणं अनेक असू शकतात, पण रीस्टार्टने हमखास बरं होणारं जे एक जुनाट दुखणं आहे ते मोजणीचं आहे. बंद करून चालू केलं की सगळी मोजदाद शून्यापासून सुरू होते, म्हणून बरं वाटतं. आपल्याकडे महावितरण अधूनमधून हा उपचार न मागता करत असतं, त्यामुळे कित्येक गळत्या उघडकीलाच येत नसतील.

हे गाऱ्हाणं गाळ्यांपुरतं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत सप्टेंबर २०२४मध्ये ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते. तसल्या पावसाची चाहूल आधी लागावी म्हणून जी गणितं करतात ती असल्या यंत्रांवर. महासंगणक म्हणजे हजारो प्रोसेसर आणि त्या सगळ्यांनी मिळून वापरायची सामायिक फाइल व्यवस्था. डबा लहान असो की इमारतीएवढा, एक फाइल किती जणांच्या हातात आहे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आता ही मोजणी, म्हणजे रेफरन्स काउंट, काय असते ते. गावातल्या समाजमंदिराची किल्ली सांभाळायला माणूस नाही, दारात नुसती वही आहे, असं समजा. आत जाणाऱ्याने एक आकडा वाढवायचा, बाहेर पडणाऱ्याने एक कमी करायचा. आकडा शून्यावर आणणारा, म्हणजे शेवटचा माणूस, दिवे बंद करून कुलूप लावतो. व्यवस्था झकास, जोवर सगळे वहीत नोंद करतात. एखादा मागच्या दाराने नोंद न करता निघून गेला तर आकडा कधीच शून्यावर येत नाही आणि रिकाम्या हॉलमध्ये रात्रंदिवस पंखे फिरत राहतात. ही झाली गळती, म्हणजे लीक. उलट कुणी बाहेर पडताना चुकून दोनदा आकडा कमी केला तर आत माणूस असतानाच कुलूप लागतं. कॉम्प्युटरमध्ये तर त्याहून वाईट होतं. कुलूप लागल्याबरोबर ती जागा दुसऱ्याला देऊन टाकतात, आणि आतला माणूस आपण जुन्याच हॉलमध्ये आहोत असं समजून दुसऱ्याच्या सामानात हात घालत राहतो. पहिल्या चुकीने यंत्र मंद होतं. दुसरीने ते कोसळतं, किंवा चोराच्या ताब्यात जातं.

ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६०मध्ये मांडली. आज ती सगळीकडे आहे. पहिल्या वर्षाला पायथॉन शिकणारं पोर नकळत तीच वापरत असतं, कारण पायथॉनच्या नेहमीच्या वापरातल्या आवृत्तीत प्रत्येक वस्तूच्या पाठीवर असा आकडा असतो. तिथे वाढवणं-कमी करणं भाषाच करते. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मात्र मुख्यतः सी भाषेत आहे, आणि सी कुणाचे लाड करत नाही. तिथे ‘गेट’ म्हटलं की आकडा वाढतो, ‘पुट’ म्हटलं की कमी होतो, आणि प्रत्येक गेटला पुट आहे की नाही हे माणसाने बघायचं.

एकाच यंत्रात हे निभतं. युनिक्समध्ये उघडी फाइल डिलीट केली तर नाव लगेच जातं, पण जो प्रोग्रॅम ती धरून बसलाय त्याने सोडेपर्यंत मजकूर शाबूत राहतो. मधे नेटवर्क आलं की गोम सुरू होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५च्या सुमारास एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टीम) आणलं. त्या काळच्या एनएफएस सर्व्हरने कुणाकडे कुठली फाइल उघडी आहे याची नोंद ठेवायचीच नाही असं ठरवलं होतं. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर विसरण्यासारखं त्याच्याकडे काही नसावं, हा हिशेब. पण नोंदच नाही तर मोजणार काय? मग क्लायंटने, म्हणजे फाइल मागणाऱ्या यंत्राने, तोड काढली. स्वतःकडे उघडी असलेली फाइल कुणी डिलीट करायला सांगितली की ती काढून टाकायची नाही, तिचं नाव बदलून ठेवायचं, आणि वापर संपला की काढायची. शेअर्ड फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या, पुढे ‘एनएफएस’ आणि अगम्य आकडे-अक्षरं असलेल्या फाइली दिसतात त्या याच. खुद्द प्रोग्रॅमरांनी या युक्तीचं नाव ‘सिली रीनेम’ ठेवलंय, म्हणजे तिच्याबद्दल त्यांचं मत काय ते उघड आहे. क्लायंट मधेच बंद पडला तर तो कचरा तसाच राहतो.

पुढे एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर नोंद ठेवू लागला. मग दुसरा पेच. विरारला लाइट गेली आणि फाइल उघडून बसलेलं यंत्र निरोप न घेताच नाहीसं झालं, तर त्याच्या नावावरचा आकडा कमी कोण करणार? त्यावर ‘लीज’चा उतारा निघाला. क्लायंटने ठरावीक वेळात आपण हयात असल्याची खूण द्यायची. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत न बदलल्यास ९० सेकंद असते. मुदत टळली की सर्व्हर त्या क्लायंटचा हक्क संपला असं धरायला मोकळा. वाचायला सोपं आहे. पण नेमक्या त्याच क्षणी क्लायंट परत आला तर? दुसरा क्लायंट तीच फाइल मागत असेल तर? त्याच वेळी अ‍ॅडमिनने तो फोल्डर शेअरमधून काढून टाकला तर? मोजणीच्या चुका या ‘त्याच क्षणी’मध्ये दबा धरून बसतात.

जाता जाता, एनएफएसच्या एका मुक्त सर्व्हरचं नाव ‘गणेश’ आहे. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगातल्या मंडळींनी तो लिहिला, २००७मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यावर निबंध वाचला, आणि पुढे मोठमोठ्या स्टोरेज कंपन्यांनी तो उचलला. त्यातही प्रत्येक फाइलच्या वस्तूला ‘गेट रेफ’ आणि ‘पुट रेफ’ आहेच. विघ्नहर्त्याचं नाव ठेवलं म्हणून मोजणीतून सुटका नाही.

दोन-तीन खऱ्या चुका जवळून पाहिल्या की या कामाची चव कळते.

पहिली २०२४ची, लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमधली. दोन विनंत्या एकाच वेळी एकच फाइल मागतात. पहिली ती उघडण्याच्या खटपटीत असते, दुसरी त्या अर्धवट तयार नोंदीवर आपला एक आकडा वाढवून थांबते. दरम्यान पहिलीचा प्रयत्न फसतो आणि ती नोंद यादीतून निघते. दुसरी म्हणते, ठीक आहे, पुन्हा पहिल्यापासून बघू. आणि पुन्हा सुरुवातीला उडी मारते. थांबताना वाढवलेला आकडा कमी करायचं राहूनच जातं. या सर्व्हरच्या मेंटेनरांपैकी, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांपैकी, एक असलेल्या जेफ लेटन यांनी ही गळती बुजवली. इलाज काय, तर पुन्हा सुरुवात करण्याआधी हातातलं सोडून द्या. गंमत म्हणजे उघड्या फाइलींच्या याच नोंदींची (कॅशची) मोजणी त्यांनीच २०२२च्या अखेरीस नव्याने बांधून काढली होती. ज्याला त्या कोडची खडान्‌खडा माहिती आहे त्याच्या देखत अशी चूक उरते, तर दोष माणसाच्या हुशारीत शोधण्यात अर्थ नाही. रोजच्या वाटेवरची मोजणी सगळे तपासतात. काहीतरी फसल्यावर ज्या आडवाटेने परतायचं ती, म्हणजे एरर पाथ, कुणी चालून बघत नाही.

दुसरीही २०२४चीच. सर्व्हरवर कुठले फोल्डर शेअर केलेत याची यादी एका फाइलमधून वाचता येते. नुसती यादी वाचणं, याहून निरुपद्रवी काम कोणतं असेल? पण यादी वाचणारा प्रत्येक नोंद बघताना तिचा आकडा एकने वाढवतो, आणि नेमकी ती नोंद शून्यावर येऊन मोडीत निघालेली असेल तर तो मेलेल्याला जिवंत समजून धरतो. कर्नलने स्वतःच बोंब मारली: शून्यात मिळवणी होत आहे. दुरुस्ती अशी की आकडा शून्य असेल तर वाढवूच नका, ती नोंद सोडून पुढे जा.

कर्नलला ही बोंब मारता येते, कारण २०१७च्या ४.११ आवृत्तीत मोजणीसाठी ‘रेफकाउंट-टी’ नावाचा खास प्रकार आला. आधी साधा पूर्णांक वापरत. पूर्णांक भरून वाहिला की गाडीच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो, नवा प्रकार मात्र टोकाला पोचला की तिथेच अडकून राहतो. थोडी जागा वाया गेली तरी चालेल, पण खोट्या शून्यामुळे कुलूप लागायला नको. या शहाणपणाची गरज का आहे ते एका सणसणीत फटक्याने आधीच दाखवून दिलं होतं. जानेवारी २०१६मध्ये पर्सेप्शन पॉइंट या कंपनीने लिनक्सच्या ‘कीरिंग’मधली गळती जाहीर केली. नेटवर्क फाइल सिस्टीमना लागणाऱ्या ओळखपत्रांसारख्या चाव्या कर्नल ज्यात सांभाळतं ती ही जागा. चालू असलेलीच कीरिंग पुन्हा मागितली की आकडा वाढायचा आणि कमी व्हायचा नाही. एका वेळेला एक. आकडा ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटींच्या वर फेऱ्या मारल्या की तो उलटून शून्य. कोण मारणार एवढ्या फेऱ्या, असं वाटेल. साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर अर्धा तास पुरला, आणि शेवटी साधा वापरकर्ता यंत्राचा मालक होऊन बसला. चूक ३.८ आवृत्तीपासून होती, म्हणजे तीनेक वर्षं जगभरच्या डोळ्यांसमोर. दुरुस्ती एका ओळीची. ‘पुट’ म्हणायचं राहिलं होतं, ते म्हटलं.

एका ओळीची दुरुस्ती म्हटली की काहींना सोपं सावज दिसतं, आणि इथेच या मागणीला धोका आहे. २०२१मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं जे प्रकरण झालं ते प्रत्येक प्रोजेक्ट गाइडने मुलांना सांगावं असं आहे. तिथल्या संशोधकांनी एक शोधनिबंध लिहिला होता: मदतीचा आव आणून लिनक्समध्ये मुद्दाम सदोष पॅच, म्हणजे दुरुस्तीचे प्रस्ताव, पाठवले तर तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटतात का? एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचा नवा पॅच आला. तो होता एनएफएस ज्यावर उभं आहे त्या सनआरपीसी थरातल्या एका संदेशाबद्दल: एकच वस्तू दोनदा मोकळी होण्याची शक्यता आहे, म्हणून एक तपासणी घालतो. मेंटेनरांनी पाहिलं तर त्या तपासणीने काहीच साधत नव्हतं. विद्यार्थ्याचं म्हणणं, आपण लिहिलेल्या विश्लेषण प्रोग्रॅमने ही जागा दाखवली. आधीच्या शोधनिबंधाने पोळलेल्या, लिनक्सच्या मेंटेनरांपैकी एक असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा विश्वास बसला नाही. २१ एप्रिलला त्यांनी अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घ्यायचं बंद केलं आणि जुने १९० बदल मागे घ्यायची तयारी केली. विद्यापीठाने संशोधन थांबवलं, संशोधकांनी माफीचं पत्र लिहिलं आणि शोधनिबंध मागे घेतला.

यातला पुढचा भाग बातम्यांत फारसा आला नाही, आणि खरा धडा तिथे आहे. लिनक्सच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने मे महिन्यात अहवाल दिला: त्या विद्यापीठाकडून आलेले ४३५ बदल पुन्हा तपासले, बहुतेक ठीक निघाले, ३९ चुकीचे होते. त्या ३९ मागे कट होता असं नव्हे. मशीनने बोट दाखवलं आणि माणसाने पूर्ण वाट न चालता ‘पुट’ लिहून टाकलं की असंच होतं. त्या काळात अशा साच्यातल्या पॅचांचा पूरच होता. उपकरण जागं करणारं एक फंक्शन काम फसलं तरी आकडा वाढवून बसायचं, आणि ते न कळल्यामुळे शेकडो ठिकाणी गळती. लोक एकेक भोक बुजवत राहिले. अखेर ५.१० आवृत्तीत, २०२०च्या शेवटी, फसलं तर आपणच आकडा पूर्ववत करणारं नवं फंक्शन आलं. शंभर भोकं बुजवणारा आणि पाइप बदलणारा यांत फरक असतो. पण पाइप बदलायची अक्कल बहुधा पहिल्या दहा भोकांनंतरच येते.

मग एक सवाल येणारच, की हे काम आता एआय करेल. करायला लागलंयही. मे २०२५मध्ये शॉन हीलन या संशोधकाने ओपनएआयच्या ओ३ मॉडेलकडून लिनक्सच्या केएसएमबीडी या फाइल सर्व्हरमधली अशीच चूक शोधून घेतली. एका जोडणीवरून लॉगऑफ झाल्याबरोबर वापरकर्त्याची नोंद मोकळी व्हायची, आणि त्याच सत्रावरची दुसरी जोडणी ती अजून वापरत असायची. वहीत कुणी नोंदच केली नव्हती. पण त्याच प्रयोगात, आधी हाताने सापडलेली दुसरी एक चूक मॉडेलला १०० वेळा विचारली, तेव्हा ती ८ वेळा सापडली, आणि खोट्या आरोळ्या त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे खरी कोणती, खोटी कोणती हे ठरवणारा माणूस लागणारच. असा माणूस आयता मिळत नाही, कुणीतरी त्याला चार आडवाटा चालायला लावलेल्या असाव्या लागतात. आज एआयने अ‍ॅप दोन दिवसांत बनतं, त्यामुळे अ‍ॅप प्रोजेक्ट म्हणून मोडीत निघालंच आहे. वाचता येणं मात्र महाग झालंय.

वसईत विद्यावर्धिनीचं, विरारच्या शिरगावात विवाचं, पालघरला सेंट जॉनचं, अशी अभियांत्रिकी महाविद्यालयं एका तालुक्या-दीड तालुक्यात आहेत. मुंबई विद्यापीठाच्या रचनेत शेवटच्या वर्षी दोन सत्रं मेजर प्रोजेक्टसाठी असतात. ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतात, त्यात आयनोड आणि लिंक काउंट हा मोजणीचाच एक प्रकारही येतो, पण परीक्षेत तो पाच मार्कांची टीप होऊन मरतो. सामग्रीला पैसा लागत नाही. कर्नलचा कोड फुकट आहे, चार कोटी ओळींच्या घरात. बऱ्यापैकी लॅपटॉपवर क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या आत दोन आभासी यंत्रं उभी करून एकाला एनएफएस सर्व्हर आणि दुसऱ्याला क्लायंट करता येतं. मोकळ्या केलेल्या जागेला हात लावला की ओरडणारं केएएसएएन, विसरलेली मेमरी हुडकणारं केमेमलीक, ठरावीक साच्याची चूक सगळ्या कोडमध्ये शोधणारं कॉक्सिनेल, ही हत्यारंही फुकटच. हेच सगळं नोकरीत वापरावं लागतं आणि तिथे शिकवायला कुणाला वेळ नसतो.

हरकती रास्त आहेत. पॅच नाकारला गेला तर मुलांचं काय? मेंटेनरने दोन महिने उत्तरच दिलं नाही तर सबमिशनची तारीख कशी गाठायची? म्हणून गुण पॅच स्वीकारला जाण्यावर ठेवूच नयेत. पॅचांच्या संख्येवर तर मुळीच नाही, नाहीतर मिनेसोटाची छोटी आवृत्ती दरवर्षी वसईतून निघेल आणि मेंटेनरांना आपल्या जिल्ह्याचं नाव लक्षात राहील ते भलत्याच कारणाने. गाइड मंडळींनाच हे येत नाही, ही हरकत कुजबुजीत घेतली जाते. तीही खरी आहे. पण हजेरीच्या अ‍ॅपमध्ये तरी गाइडला कुठे काही शिकायला मिळत होतं? इथे निदान दोघं एकाच अंधारात टॉर्च घेऊन उभे असतात.

पहिल्या वर्षी नवी चूक शोधायचा अट्टहासही नको. बुजवलेल्या गळत्यांचा इतिहास उघडा आहे. त्यातली एक घ्यायची, वर सांगितलेल्यांपैकी पहिली, २०२४ची एनएफएस सर्व्हरमधली गळती चालेल. दुरुस्तीच्या आधीचा कोड बिल्ड करायचा आणि ती चूक घडवून दाखवायची. यालाच सत्रभर लागेल, कारण दोन विनंत्यांची नेमकी गाठ घालून देणं सोपं नाही. मग दुरुस्ती लावून ती थांबल्याचं दाखवायचं, आणि दुसऱ्या सत्रात त्याच साच्याची जागा कोडमध्ये आणखी कुठे आहे का ते बघायचं. सापडली तर पॅच, नाही सापडली तर कुठे कुठे पाहिलं आणि ती जागा निर्दोष का आहे याचा हिशेब. हा हिशेबही ब्लॅकबुकमध्ये छापण्यालायक आहे.

गटात चौघं असतात, कामं आपोआप वाटली जातात. एकाने आभासी यंत्रं आणि बिल्ड सांभाळायचं, दुसऱ्याने चूक घडवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा, तिसऱ्याने कोड वाचून गेट-पुटचा तक्ता काढायचा, चौथ्याने पॅचसोबतचं पत्र लिहायचं: चूक काय, कशी घडते, हा बदल ती का थांबवतो, दहा-बारा वाक्यांत. आणि व्हायवाला चौघांनाही तक्त्यासमोर उभं करावं. एक्सटर्नलने फंक्शनमधल्या कुठल्याही एका ‘रिटर्न’वर बोट ठेवून विचारावं, इथून बाहेर पडताना आकडा किती? उत्तर पाठ करून देता येत नाही. सिनॉप्सिस मंजुरीच्या वेळी पन्नास गटांत असे दोन गट निघाले तरी या वर्षापुरतं पुष्कळ झालं.